गाडी चमकवताना तिचा रंगच घासून जातोय

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळी जवळ आली की पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडला चौकाचौकात फ्लेक्स लागतात, 'स्क्रॅच गायब, गाडी नव्यासारखी, सोबत कोटिंग फ्री', आणि लोक पन्नास-साठ लाखांची गाडी तीन तासांसाठी कुणाच्याही हातात देऊन येतात. मी चिंचवडला गाड्यांच्या रंगाचंच काम करतो. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी बऱ्याच येतात, आणि त्यातल्या कितीतरी गाड्यांचा रंग पॉलिशनेच खराब झालेला असतो हे बघून जीव तुटतो म्हणून हे पत्र.

काळी किंवा गडद निळी गाडी उन्हात उभी केली की बॉनेटवर सूर्याभोवती जी गोल गोल जाळी दिसते ते स्वर्ल मार्क्स. खरं तर ते ओरखडे गोल नसतातच, ते सगळ्या दिशांना कसेही पडलेले असतात, फक्त प्रकाशाला आडवे असतील तेवढेच चमकतात म्हणून आपल्याला गोल वाटतात. मोबाईलचा टॉर्च रंगावर धरून हळूहळू पुढे न्या, ते गोल टॉर्चसोबत सरकत जातील. पांढऱ्या गाडीवर पण हे असतात पण नजरेत येत नाहीत, म्हणून पांढरी गाडीवाले निवांत असतात.

आता हे ओरखडे ज्या थरावर असतात त्याला क्लिअर कोट म्हणतात. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर हा पारदर्शक थर, साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन असतो, म्हणजे केसापेक्षा पातळ. उन्हापासून खालच्या रंगाला हाच वाचवतो. मर्सिडीजने तर २००३ च्या शेवटी यात सिरॅमिकचे अतिसूक्ष्म कण घालून ओरखड्यांना जास्त टिकणारा थर आणला, पण त्यावर पण ओरखडे पडतातच, आपल्याकडच्या बांधकामाच्या धुळीपुढे काही टिकत नाही, त्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते या थरापेक्षा कितीतरी कडक.

लोकांना वाटतं पॉलिश केलं की ओरखडा भरून निघतो. तसं नसतं हो. ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणायचा, म्हणजे ओरखडा उरत नाही, हेच पॉलिश. चाकूला धार लावताना पातं झिजतं तसंच हे, धार येते पण पातं कमी होतं. खरखरीत कंपाऊंड (रंग घासायची पेस्ट) आणि लोकरीचं पॅड लावून जोरात घासलं तर एका वेळी दोन-चार मायक्रॉन सहज जातात, फिनिशिंगच्या बारीक पॉलिशने एकाहून कमी. दर दिवाळीला कंपाऊंड मारून घेणाऱ्यांनी हिशोब करावा की पाच-सात वर्षांनी टपावर काय उरेल. एकदा क्लिअर कोट संपला की रंग फिका पडतो, पांढरे पोपडे सुटतात, आणि मग पूर्ण पॅनेल पुन्हा रंगवण्याशिवाय इलाज नाही, कंपनीचा ओरिजिनल रंग गेला तो गेलाच.

आणि हे काम करणारे कसे करतात ते पण सांगतो. गाडी नीट धुवायची नाही, क्ले (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ माती) मारायची नाही, सरळ रोटरी मशीन (गोल फिरणारं पॉलिशचं मशीन) लावायचं आणि एकाच जागी फिरवत राहायचं. रंग तापतो, कडेला आणि बॉडीलाईनवर थर आधीच पातळ असतो तिथे तर थेट खालचा रंग निघतो, आणि जिथे वाचतो तिथे पॅडचेच नवे पट्टे उमटतात, ते उन्हात तिरके हलताना दिसतात. ते लपवायला वर तेलकट ग्लेझ फासतात, त्यात फिलर असतो, ओरखडे बुजतात, गाडी शोरूमसारखी दिसते, मालक खूश होऊन पैसे देतो, चार-सहा धुण्यात सगळं परत वर येतं. यावर उपाय साधा आहे, गाडी ताब्यात घेण्याआधी एका पॅनेलवर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी मारून पुसायला सांगा, त्याने ग्लेझ निघतो, आणि टॉर्च धरा. खरं काम केलं असेल तर रंग तसाच राहील. दुकानदार पुसायला नाही म्हणाला तर समजून जा.

सिरॅमिक कोटिंगबद्दल पण फार खोटं बोललं जातं. जाहिरातीत 'नाईन एच' कडकपणा म्हणतात ती पेन्सिलीच्या कडकपणाची मोजणी, हिऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. कोटिंगचा थर एक-दोन मायक्रॉनचा, त्याने पाणी घसरतं, धूळ कमी चिकटते, गाडी धुणं सोपं होतं, चांगलीच गोष्ट आहे, पण ओरखडे थांबत नाहीत. ते काही प्रमाणात पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म) थांबवते कारण ती जवळपास २०० मायक्रॉनची असते.

मूळ दुखणं मात्र धुण्यात आहे. सोसायटीत पहाटे एक बादली, एक फडकं आणि पंधरा-वीस गाड्या, पहिल्या गाडीची माती विसाव्या गाडीवर घासली जाते. त्या पोरांवर ओरडून काही होणार नाही, त्यांना ना कुणी शिकवलंय ना सामान दिलंय. मालकाने दोन बादल्या, एक वॉश मिट (गाडी धुवायचा मऊ हातमोजा), एक चांगला मायक्रोफायबर टॉवेल आणि कार शाम्पू घेऊन द्यावा, आधी नुसत्या पाण्याने धूळ उतरवायला सांगावं, आणि कोरडा डस्टर फिरवणं पूर्ण बंद करावं, सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. धुळीच्या गाडीवर कव्हर पण चढवू नये. बोअरचं पाणी उन्हात वाळू देऊ नका, क्षारांचे डाग खोलवर बसले की ते काढायला बऱ्याचदा पुन्हा पॉलिशच लागतं. एवढं महागडं वाहन घेणाऱ्याला हा खर्च काहीच नाही.

माझी मागणी माझ्याच धंद्यातल्या लोकांकडे आहे. पेंट थिकनेस गेज (रंगाची जाडी मोजायचं यंत्र) प्रत्येक दुकानात असलंच पाहिजे. प्लास्टिकच्या बंपरवर साधं गेज चालत नाही पण लोखंडी आणि ॲल्युमिनियमच्या पॅनेलवर चालतं. ते सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतं, त्यात क्लिअर कोट वेगळा कळत नाही, तरी आधी किती होतं आणि नंतर किती राहिलं यातला फरक कळतो. हे दोन्ही आकडे पॅनेलवार बिलावर लिहून द्या. आणि रीडिंग कमी आलं तर पॉलिश करायला स्पष्ट नकार द्या, बारीक ओरखडे राहू देत, गिऱ्हाईक नाराज होऊन गेलं तरी चालेल. ग्राहकांनी सुद्धा हे आकडे मागितल्याशिवाय गाडी सोडू नये.

– गाड्यांच्या रंगाचं काम करणारा एक वाचक, चिंचवड