श्रगची कृती छापताना मापं पण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत अधूनमधून क्रोशाच्या कृती येतात त्या मी कापून ठेवते, वेगळी वहीच आहे माझी, आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणी ठेवत असणार म्हणून हे पत्र लिहितेय. मागणी एकच आहे. अंगात घालायच्या वस्तूची कृती छापाल, श्रग म्हणा जॅकेट म्हणा, तर तिच्यासोबत मापं छापा. नुसता फोटो आणि इतके खांब (म्हणजे सुईवर वेढा घेऊन घातलेले उंच टाके) घाला एवढ्यावर तोरण होतं, रुमाल होतो, पण श्रग नाही होत.

झालं असं की गेल्या साली आगोटीच्या दिवसात एका पुरवणीत श्रगची कृती आली होती, कुठल्या ते राहू दे. सोपी वाटली. एक लांबट चौकोन विणायचा, मधोमध लांबीत दुमडायचा, दोन्ही टोकांना थोडं थोडं शिवायचं की बाह्या तयार, मधला न शिवलेला भाग पाठीवर आणि मानेवर येतो. मुलगी मुंबईला नोकरीला आहे, ऑफिसात एसी, येताना रेल्वेचा डबा पण एसीचा, कुडकुडत उतरते रत्नागिरीला, म्हटलं गणपतीला येईल तोवर करून ठेवू. आंब्याची गडबड संपली होती, पापड कुळीथ भरून झाले होते, एकदा का पाऊस लागला की आमच्याकडे दुपारच्या दुपार मोकळी असते. रत्नागिरीहून सुती दोरा आणला, कृतीत १४४ खांब लिहिले होते ते मोजून घातले, घरात होती ती ३ मिलिमीटरची सुई घेतली कारण सुई कुठली ते लिहिलंच नव्हतं, आणि महिनाभर पडवीत बसून विणला.

गणपतीला मुलगी आली, तिनं घातला आणि काही बोललीच नाही. मीच विचारलं तेव्हा म्हणाली, आई, काखेत ओढतोय गं. मागं जाऊन बघितलं तर पाठीवर पुठ्ठा लावल्यासारखा ताठ उभा, बाह्या कोपरापर्यंत जेमतेम, आणि तिनं फळीवरचा डबा काढायला हात वर केला तसा अख्खा श्रग मानेकडे सरकला. माझ्या मनासाठी आरतीला घातला तिनं, पण जाताना बॅगेत भरला नाही, कपाटात घडी करून ठेवून गेली. फार लागलं मला ते.

मग मी त्याच्या मागेच लागले. आमच्याकडच्या बायकांना क्रोशे येत नाही असं कोणी म्हणू नये, माझ्या आजीनं मखराची तोरणं केलीयत, ताटावरचे रुमाल केलेत, रेडिओवर घालायचं कव्हर केलंय, आणि तिच्या रुमालाचा काठ आजही कुठे वाकडा सापडायचा नाही. पण ते काम कसलं होतं बघा. २० नंबरचा पांढरा बारीक दोरा, बारीक लोखंडी सुई, आणि हात घट्ट. टाका सैल सुटला की आजी उसवायला लावायची. रुमाल ताठच राहायला हवा ना, त्यासाठी तर तो वर पेजेच्या निवळीत बुडवून खळ करून वाळवायचा. आम्ही सगळ्या जणी त्या हातानं शिकलो आणि तोच हात आम्ही श्रगला लावला. श्रगला हवं बरोबर उलटं, टाक्याला श्वास घ्यायला जागा हवी, कापड खांद्यावरनं खाली पडलं पाहिजे, शिंप्याच्या भाषेत फॉल चांगला हवा. तो फॉल येतो पातळ दोरा आणि त्या मानानं मोठी सुई घेतली की. मुके टाके, म्हणजे वेढा न घेता घातलेले बुटके टाके, दाट बसतात म्हणून कापड जाड आणि कडक होतं, खांब उंच असतात म्हणून ते लवतं.

आता मापाचं सांगते कारण खरी गोम तिथंच आहे. मुलीचे हात आडवे पसरून कोपराच्या चार बोटं खालपासून दुसऱ्या हाताच्या तेवढ्याच ठिकाणापर्यंत पाठीवरून टेप धरला तर ९० सेंटिमीटर भरले. ज्या बाईनं ती कृती केली तिच्या हातात १० सेंटिमीटरमध्ये १६ खांब बसत असणार, म्हणजे १४४ खांबांचे बरोब्बर ९० सेंटिमीटर. माझ्या घट्ट हातानं आणि ३ च्या सुईनं १० सेंटिमीटरमध्ये १८ खांब बसले. तेच १४४ खांब, पण लांबी झाली ८०. दोन खांबांचा फरक डोळ्याला दिसत पण नाही आणि तिकडे एकेका बाहीतून ५ सेंटिमीटर जातात. हे गणित कृतीसोबत एका ओळीत छापता येतं, '१० सेंटिमीटरमध्ये १६ खांब', बास. त्या एका ओळीनं माझा महिना वाचला असता.

म्हणून आता मी आधी तुकडा विणते. १५ बाय १५ सेंटिमीटरचा, आणि मोजायचे मधले १०, कारण कडेचे खांब नेहमी आवळलेले नाहीतर ओढलेले असतात. लेबलवर ४ मिलिमीटरची सुई सांगितली होती त्या दोऱ्याचे मी तीन तुकडे केले, ३ च्या सुईनं १८ खांब आले, ४ च्या सुईनं १७ आणि ५ च्या सुईनं १६. पाचाचा तुकडा हातावर टाकला तर दोन्हीकडनं लवून खाली आला, तीनाचा तसाच आडवा राहिला पापडासारखा. तेव्हाच समजलं मला.

पण तुकडा विणून लगेच मोजायचा नाही, तो धुवायचा. ज्या पाण्यात आणि ज्या साबणात श्रग धुणार त्यातच धुवायचा, पिळायचा नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचा आणि सपाट पसरून वाळवायचा. आमच्याकडे जुलैत हे सोपं नाही हो, जिथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथं साधा रुमाल दोन दिवस ओला असतो, माझा तुकडा तर तिसऱ्या दिवशी पंख्याखाली वाळला. ओलसर असताना मोजलेलं माप धरू नका, वाळल्यावर वेगळं येतं. आणि टाचण्या लावून पसरणार असाल तर स्टीलच्या न गंजणाऱ्याच घ्या, समुद्राच्या हवेत साध्या टाचण्या एका रात्रीत डाग सोडतात आणि तो तांबडा ठिपका सहजासहजी निघत नाही, माझ्या एका तुकड्यावर तसे चार ठिपके आहेत ते मी मुद्दाम ठेवलेत दाखवायला.

वाळल्यावर अजून एक करते. तुकडा दोन चिमट्यांनी दोरीवर टांगते, खालच्या काठाला अजून दोन चिमटे लावते आणि रात्रभर तसाच ठेवते. सुती दोरा जड असतो, स्वतःच्याच वजनानं लांबतो. माझा १५ चा तुकडा सकाळी १६ झाला होता. म्हणून मग चौकोनाची उंची, म्हणजे मानेपासून पाठीवर खाली जाते ती बाजू, मला ५० हवी होती तर मी ४७ वरच थांबले आणि अंगावर आठ दिवसांनी ती ५० ला आली. अ‍ॅक्रिलिक दोऱ्याचं वेगळं, तो इतका लांबत नाही, पण त्याला इस्त्री टेकवू नका. वाफ लागून तो एकदा मरगळला की परत पूर्वीसारखा होत नाही, वाफ द्यायचीच असेल तर लांबून आणि आधी तुकड्यावर.

दोरा किती लागेल हे पण तुकडाच सांगतो. माझा तुकडा आमच्या सोनाराच्या काट्यावर घालून बघितला, ८ ग्रॅम भरला. १५ गुणिले १५ म्हणजे २२५, आणि ९० गुणिले ५० म्हणजे साडेचार हजार, म्हणजे श्रग म्हणजे असे वीस तुकडे, १६० ग्रॅम, वर काठाला आणि शिवणीला धरून मी २२० घेतला. आणि सगळा एकदम घेतला, लेबलवरचा डाय लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या दोऱ्याचा, नंबर एकच आहे ना ते बघून, कारण पहिल्या श्रगला शेवटी एक गुंडी कमी पडली ती नंतर आणली तर पांढऱ्या रंगात सुद्धा फरक आला, पाठीवर पट्टा दिसतो तो.

विणतानाच्या दोन गोष्टी सांगते, नवीन मुली त्यातच फसतात. १४४ खांबांसाठी साखळ्या १४६ घालायच्या आणि पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत, कारण आधीच्या तीन साखळ्या मिळून एक खांब धरतात. तसंच प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तीन साखळ्या म्हणजे पहिला खांब, आणि परत येताना त्या तीन साखळ्यांच्या टोकावर शेवटचा खांब घालायला हमखास विसरतो, मग चौकोन हळूहळू निमुळता होत जातो आणि वीस ओळींनी लक्षात येतं. दर ओळीला मोजा, कंटाळा आला तरी मोजा. आणि सुरुवातीच्या त्या १४६ साखळ्या तेवढ्या एका नंबरनं मोठ्या सुईनं घाला, नाहीतर तो काठ आवळतो आणि बाकीचं कापड कितीही सैल असलं तरी एका बाजूनं ओढत राहतं.

शिवायच्या आधी तर थांबाच. दोन्ही टोकांना सेफ्टी पिना लावा, घालून बघा, हात वर करा, फळीवरचा डबा काढा, पुढे वाका, वाटल्यास झाडू मारून बघा. टोकाची शिवण जास्त झाली की मधलं तोंड लहान होतं, काखेत धरतं आणि पाठ वर चढते, माझं हेच झालं होतं. कमी झाली की खांद्यावरनं घसरत राहतो. मुलीच्या मापाला दोन्हीकडे २० सेंटिमीटर आणि मधे ५० मोकळे असं बसलं, पण एखादीची पाठ रुंद असेल तर तिला १८ लागतील, १६ लागतील, पिना सरकवून बघायचं. मधल्या तोंडाला सगळीकडून काठ विणायचा तो पण हाताच्या अंदाजानं, खांब जास्त झाले की झालर येते, कमी झाले की काठ आवळतो. मी तो काठ दोनदा उसवला, तिसऱ्यांदा ४ च्या सुईनं केला तेव्हा मानेशी नीट टेकला.

आता नावांचा घोळ. परदेशी कृतींवरून उतरवलेलं असतं तेव्हा हे बघून छापा, कारण अमेरिकेत ज्याला डबल क्रोशे म्हणतात त्याला इंग्लंडमध्ये ट्रेबल म्हणतात, आणि इंग्लंडचं डबल म्हणजे अमेरिकेचं सिंगल. शब्द तोच आणि टाका दुसरा, उंची जवळजवळ निम्मी. आपल्याकडे छान शब्द आहे ना, खांब. सुईवर एक वेढा घ्यायचा, दोरा ओढून काढायचा, मग दोन-दोन करून दोनदा सोडवायचा, एवढं एकदा कृतीच्या वर लिहिलं की मालगुंडात काय आणि मालवणात काय, कोणी चुकायची नाही. सुईचा नंबर पण परदेशी कृतीतल्यासारखा इंग्रजी अक्षरात नको, मिलिमीटरमध्ये द्या. दोऱ्याच्या कंपनीचं नाव दिलंत तरी तो आमच्या बाजारात मिळेलच असं नाही, त्यापेक्षा १०० ग्रॅममध्ये किती मीटर दोरा आहे ते द्या म्हणजे तशाच जाडीचा दुसरा आम्ही शोधून घेऊ. तयार श्रगची लांबी-उंची सेंटिमीटरमध्ये द्या. आणि फोटो पाठीमागून पण काढा हो, कायम समोरून काढतात, समोरून सगळेच श्रग बरे दिसतात, फिटिंग कळतं ते पाठीवर. हात थोडे उचललेला एक फोटो असला तर फारच बरं.

हे एवढं लांबण लावून लिहिण्याचं कारण, आमच्या वाडीत बचत गटातल्या सात-आठ जणींचा हात क्रोशावर बसलेला आहे, मुलींना आता तोरणं रुमाल नको असतात पण असा हलका सुती श्रग त्या हौसेनं मागून घेतात, आमच्या हवेला लोकर नको पण हे चालतं. तीन जणींनी तीच जुनी कृती करून बघितली होती आणि तिघींचे श्रग कपाटात गेले, त्यातल्या दोघी म्हणाल्या आपल्याला अंगातलं काही जमत नाही आणि सुई ठेवून दिली. माझ्या धाकट्या जावेला मी परत बसवलं, तिच्या हातात १० सेंटिमीटरमध्ये १७ येतात तर तिला १५३ खांब घालायला सांगितले, झाला नीट.

मुलीचा जुना उसवला, दोऱ्याच्या वाकड्या झालेल्या लडी धुऊन खाली वजन बांधून सरळ केल्या आणि नवीन दोऱ्याबरोबर आलटून पालटून ओळी घालत दुसरा विणला, त्यानं तो रंगातला पट्टा पण जिरून गेला. शिमग्याला आली तेव्हा घालून गेली, स्टेशनवर सोडायला गेले तर अंगातच होता.

पत्रासोबत ५ च्या सुईचा एक तुकडा पाठवतेय, तुमच्या पुरवणीचं काम बघणाऱ्या ताईंना द्या. धुतलेला आहे आणि पूर्ण वाळलेला आहे, मधले १० सेंटिमीटर टेपनं मोजून बघा, १६ खांब भरतील.

आपली,
एक वाचक
मालगुंड, ता. जि. रत्नागिरी