तुझ्या रूममेटबद्दल

अमळनेर

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू रूममेटचं सांगत होतास, तेव्हा आजी शेजारीच बसली होती, म्हणून मी नुसता हूं हूं करत राहिलो. फोन ठेवला तर म्हणते, "तो पोऱ्या आसं काबर करस?" तिला काय सांगणार? तुला मात्र लिहितो. इतकी वर्षं मेडिकलच्या काउंटरवर काढली, थोडंफार कळतं.

रात्र-रात्र जागायचं, मग दोन दिवस मेल्यासारखं झोपायचं, खिडकीतून कोणी पाहतंय म्हणून पडदे लावायचे, मध्यरात्री मोबाइल खोलून स्क्रू ओळीने मांडायचे, परत बसवायचे, परत खोलायचे. तू एमडी म्हणालास ते खरंच असावं. उत्तेजक नशेत माणूस असा एकाच कामात तासन्‌तास अडकतो. एमडी म्हणजे मेफेड्रोन. कोकेन आणि मेथ (मेथॅम्फेटामिन) यांच्याच कुळातलं.

काही चांगलं घडलं की मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन सुटतं आणि काम झालं की पेशी ते परत ओढून घेतात. ही पूड ते ओढू देत नाही, वर आणखी बाहेर काढते. पहिल्यांदा पोराला वाटतं, आपणच राजा. पण वारंवार घेतलं की मेंदू डोपामाइनला दाद देणंच कमी करतो. मग आईने पाठवलेलं भरीत डब्यात तसंच राहतं, मॅचमध्ये जीव रमत नाही. मजा गेली तरी ओढ जात नाही, उलट वाढते. 'थांब' म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो, नेमका तोच ढिला पडतो. म्हणून "त्याला कळत नाही का?" हे तुझं म्हणणं मला पटलं नाही. कळतं. शपथ घेतो तेव्हा ती खरीच असते. पुडी देणारा मित्र नुसता समोर आला की संपली.

सुटत नाही असं नाही. २००१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधक नोरा वोल्को यांच्या गटाने मेथ सोडलेल्यांचे मेंदू तपासले. वर्षभराने डोपामाइन ओढून घेणारी यंत्रणा बरीच सावरली होती, स्मरणशक्ती तेवढी नाही. या नशेवर ठरलेली गोळी नाही. समुपदेशन आणि नेटाने पाठपुरावा, हाच उपचार.

त्याला उसने पैसे देऊ नकोस. संशयाच्या भरात असेल तेव्हा वाद घालू नकोस. छातीत दुखलं, अंग तापलं, झटका आला तर थेट दवाखाना. काय घेतलंय ते डॉक्टरांपासून लपवू नकोस. पोलिसांच्या भीतीने तो उपचार टाळत असेल तर सांग, एनडीपीएस म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्यात कलम ६४अ आहे: स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट मिळू शकते. १४४४६ ही सरकारी नशामुक्ती हेल्पलाइन आहे, फुकट आहे, तूसुद्धा विचारू शकतोस.

आणि "परीक्षेपुरतं एकदा" असं तुला कोणी म्हणालं, तर त्याच रात्री मला फोन कर. मी ओरडणार नाही. तुझी आई ओरडेल, तिचं मी बघतो.

त्याच्या घरी मी बोलू का? त्याला विचारून कळव.

तुझा,
आप्पा