गिरणी संपाला ‘नॉस्टॅल्जिया’ म्हणू नका

माननीय संपादक,

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही ट्राम, डबलडेकर आणि गिरणी संप या तिन्हींची मोट एकाच पानावर बांधलीत आणि वर ठळक मथळा दिलात, ‘नॉस्टॅल्जिया’. छायाचित्रं सुरेख होती. भांडण आहे ते मथळ्याशी. परळच्या एका रात्रशाळेत मी हयातभर इंग्रजी शिकवलं. समोर बसायची ती दिवसपाळी उरकून आलेली, पेंगुळलेली माणसं. तेव्हा इंग्रजी शब्दांच्या बाबतीत थोडा किस काढला तर सांभाळून घ्या.

नॉस्टॅल्जिया हा शब्द मुळात दवाखान्यातला. १६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलमध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी तो घडवला, घरी परतणं आणि वेदना असे दोन ग्रीक शब्द जोडून. परमुलखात राहणारे तरुण गावाच्या ओढीने झुरतात, त्यांचं अन्न तुटतं, अंथरूण धरतात. त्या दुखण्याला नाव हवं होतं. पुढे परक्या राजांच्या फौजांत पगारी चाकरी करणाऱ्या स्विस शिपायांचा तो खास आजारच मानला गेला. या अर्थाने गिरणगावात नॉस्टॅल्जिया होताच की! एका गाळ्यात पाळीपाळीने झोपणारे, खानावळीत जेवणारे, बायकामुलं कोकणात नाहीतर घाटावर ठेवून आलेले चाकरमानी. शिमगा जवळ आला की माझा अर्धा वर्ग रिकामा व्हायचा आणि उरलेला अर्धा फळ्याकडे बघत असला तरी मनाने गुहागरला पोचलेला असायचा. ती ओढ परळहून गावाकडे होती. तुमच्या पानावर मात्र नॉस्टॅल्जिया झालाय तो मॉलच्या आवारातल्या चिमणीखाली सेल्फी काढणाऱ्यांना.

शब्दांचे अर्थ बदलतात, त्याला माझी ना नाही. आज त्या शब्दात दुखणं थोडं नि गोडवा फार, आणि तो काळ स्वतः पाहिलेला असण्याची अटही उरलेली नाही. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. लेखासोबतचा फोटो पाहता तुमच्या लेखकाचा जन्म त्यानंतर बराच उशिरा झालेला दिसतो. ट्रामसाठी हळहळायला त्यांना कोण अडवणार? तो नॉस्टॅल्जियाच, खुशाल म्हणा.

रेमिनिस करणं मात्र त्यांना जमायचं नाही. त्यासाठी आपण स्वतः तिथे असायला हवं, आणि समोर ऐकणारं कुणीतरी हवं. १५ सप्टेंबर २०२३ ला बेस्टची शेवटची जुनी डिझेल डबलडेकर निवृत्त झाली, तेव्हा आमच्या चाळीच्या कठड्याला टेकून चार दिवस तेच चाललं होतं. वरच्या मजल्यावरची अगदी पुढची सीट, तोंडावर येणारा वारा, त्या सीटवरून भावंडांची झालेली मारामारी. आपण ‘आठवणींत रमले’ म्हणतो, ते हे. १ मेला हुतात्मा चौकात पुष्पचक्र वाहतात ते आणखी निराळं. त्या कमेमोरेटला चारचौघं आणि ठरलेला दिवस लागतो.

आता संपाचं. माझा एक जुना विद्यार्थी, साचाखात्यातला म्हणजे मागावर काम करणारा, गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडाच्या घराच्या अर्जासाठी कागद गोळा करत माझ्याकडे आला होता. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर आपण गिरणीच्या पटावर होतो, हे त्याला दाखवायचं होतं. हजेरी कार्ड पावसात गेलेलं, गिरणीच्या जागी टॉवर. गिरणीतला तिकीट नंबर विचारला तर त्याने तो पाढा म्हटल्यासारखा घडाघडा सांगितला. हे रिकॉल, हाक मारली की हजर. कामाला कधी लागलास, म्हटलं, तर घुटमळला. “आणीबाणी उठली ना बाई, त्या पावसाळ्यात बदलीवर लागलो. म्हणजे सत्त्याहत्तर. कायम झालो तेव्हा थोरलीचं बारसं झालेलं.” जॉबरचं, म्हणजे खात्यातल्या मुकादमाचं, नाव आधी भलतंच आलं. मग पगाराच्या दिवशी दारावर वसुलीला उभा राहणारा पठाण आठवला, पठाणाशेजारचा पानवाला आठवला, आणि पानवाल्याच्या उधारीवरून जॉबर सापडला. हे रिकलेक्ट. शब्दाच्या लॅटिन मुळातही ‘पुन्हा गोळा करणं’च आहे. त्या तासाभरात तो एकदाही हसला नाही.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. अडीच लाखांच्या घरातली माणसं त्यात उतरली, त्यांतलाच हा एक. संप संपला असं कुणी जाहीरच केलं नाही, तर ‘ते दिवस’ कधी सरले हे त्याने सांगावं तरी कसं?

साध्या रिमेम्बरनेही वर्गात माझा घाम काढलाय. “बाई, उद्या मला रिमेम्बर करा,” असं सांगून कितीजण घरी गेले असतील! तिथे रिमाइंड हवं. पण एक गोष्ट त्यांना पटकन कळायची. ‘आय रिमेम्बर्ड टू लॉक द डोअर’ म्हणजे कुलूप लावायचं लक्षात राहिलं. ‘आय रिमेम्बर लॉकिंग द डोअर’ म्हणजे लावल्याचं आठवतंय. मराठी माणूस लक्षात राहणं आणि आठवणं यांत गफलत करत नाही. पोलिसात, कोर्टात, म्हाडाच्या खिडकीवर विचारतात ते दुसरं. काय केल्याचं आठवतंय, कुठल्या साली, सोबत कोण होतं.

तुमच्या त्या पानावर उजव्या कोपऱ्यात एका साचेवाल्याचं निवेदन आहे. खातं, पाळी, थकलेला पगार, सगळं तपशिलासह. त्याला ट्रामच्या चित्राखाली चार ओळींत कोंबलंत. ते पूर्ण छापा, स्वतंत्र छापा, आणि वर मथळा द्या ‘जबानी’. ट्राम आणि डबलडेकरवर नॉस्टॅल्जियाची पाटी राहू द्या, माझी तक्रार नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, लालबाग

ता. क. : एकाच पानावर नॉस्टॅल्जिया, नॉस्टेल्जिया आणि नोस्टाल्जिया अशी तीन रूपं आली आहेत. मुद्रितशोधकांना सांगून कुठलं तरी एक ठरवा.