यादी चव्हाट्यावर लावण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांची नावे, फोटो, पत्ते अमेरिकेसारखे सर्वांना खुले करा, अशी मागणी करणारी तीन पत्रे आपल्या अंकात लागोपाठ आली. बदलापूरपासून ही मागणी अधूनमधून डोके वर काढते. त्यामागचा संताप मला परका नाही. माझी नोकरी जिल्हा न्यायालयात गेली, शेवटची काही वर्षे पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांच्या कायद्याच्या कोर्टात. पडद्याआड साक्षीला बसवलेल्या मुलीचे पाय जमिनीला टेकत नाहीत, हे मी पाहिले आहे. तरीही ही मागणी मला पटत नाही.

मुलगी न्यू जर्सीत, एडिसनला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा त्यांचे घर बघणे चालू होते. शाळा, स्टेशन, इंडियन ग्रोसरी यांच्याबरोबर जावई मोबाइलवर आणखी एक गोष्ट तपासायचे, ती म्हणजे सरकारी यादी. नावावर बोट ठेवले की फोटो, पत्ता, उंची, वजन, गाडीचे वर्णनसुद्धा. एक घर सगळ्यांना आवडले होते, पण तिसऱ्या गल्लीत यादीतला एक जण निघाला आणि घर सोडले. मीही मान डोलावली. रात्री झोप येईना म्हणून ते पान पुन्हा उघडले. माणूस ७१ वर्षांचा, माझ्याहून थोडाच मोठा. गुन्हा केव्हाचा, हे शोधायला मला बराच वेळ लागला. फोटो मात्र पहिल्याच क्षणी दिसला होता.

याच राज्यात १९९४ च्या जुलैत सात वर्षांच्या मेगन कांकाचा समोरच राहणाऱ्या माणसाने खून केला. त्याला आधी शिक्षा झाली होती, गल्लीत कुणाला पत्ता नव्हता. त्या आक्रोशातून १९९६ चा केंद्रीय कायदा आला आणि यादी लोकांपुढे खुली झाली. त्याआधीची, १९९४ च्या कायद्यातली यादी मुख्यतः पोलिसांच्या कामासाठी होती. मिनेसोटात १९८९ साली पळवून नेलेल्या अकरा वर्षांच्या जेकब वेटरलिंगच्या नावाचा तो कायदा. त्याची आई पॅटी वेटरलिंग त्यासाठी वर्षानुवर्षे झगडली. पुढे त्याच बाई जाहीरपणे म्हणू लागल्या, की हे फार ताणले गेले, विशेषतः गुन्हा करणाऱ्या अल्पवयीन मुलांचीही नावे यादीत घालण्यापर्यंत. ज्या आईचा मुलगा २७ वर्षांनी, तोही अवशेषांच्या रूपात सापडला, तिने हे म्हणावे! मला तरी पुढे वाद घालण्याची हिंमत झाली नाही.

आज तिथे या कायद्यांत बदल मागणारे लोक राज्याराज्यांत आहेत. यादीतल्या माणसांच्या आया, बायका, काही वकील, काही यादीतली माणसे स्वतः. विधिमंडळाच्या सुनावणीला जायचे, दोन-तीन मिनिटे मिळतात तेवढ्यात बोलायचे, शिव्या खायच्या, पुढच्या सुनावणीला परत जायचे. ‘गुन्हा माफ करा’ असे त्यांचे म्हणणे नाही. सगळ्यांना एकाच दावणीला बांधू नका, एवढेच. कॅलिफोर्नियात ही नोंदणी १९४७ पासूनची आणि जवळपास सरसकट जन्माची. २०१७ साली कायदा बदलला, २०२१ पासून गुन्ह्याप्रमाणे १० वर्षे, २० वर्षे किंवा आजन्म अशा पायऱ्या आल्या. गंमत म्हणजे लॉस एंजेलिसच्या सरकारी वकिलांनीही या बदलासाठी जोर लावला होता. लाखभर नावांच्या गर्दीत खरा धोकादायक माणूस पोलिसांना दिसेनासा होतो, हा त्यांचा मुद्दा.

आणि मायामी. शाळा, पाळणाघर, बाग यांपासून अडीच हजार फुटांच्या आत अशा गुन्हेगारांनी राहायचे नाही, असा नियम झाला. शहरात तशी जागा जवळजवळ उरलीच नाही. मग ही माणसे ज्युलिया टटल कॉजवे या समुद्रावरच्या पुलाखाली तंबू ठोकून राहू लागली, २०१० पर्यंत. सरकारी अधिकारी हजेरी घ्यायला पुलाखाली जायचा. यात कुठल्या मुलाची सुरक्षा वाढली, कुणी सांगावे. मेन राज्यात २००६ साली एका तरुणाने यादीतून पत्ते काढून दोघांना गोळ्या घातल्या. त्यातला एक जण २४ वर्षांचा होता. त्याचा गुन्हा म्हणजे सोळा पूर्ण व्हायला थोडे दिवस कमी असलेल्या मैत्रिणीशी संबंध.

हे शेवटचे प्रकरण वाचताना मला आमचे कोर्ट आठवले. मुलगी सतरा वर्षांची, मुलगा एकोणीस-वीसचा, पळून जाऊन देवळात लग्न, मुलीच्या बापाची फिर्याद. साक्षीच्या दिवशी मुलगी कडेवर बाळ घेऊन आली आणि ‘माझ्या नवऱ्याला सोडा’ म्हणाली. कायद्यात तिच्या संमतीला जागा नाही, शिक्षा किमान दहा वर्षे. अशी प्रकरणे बोटावर मोजण्याइतकी नव्हती. हा मुलगाही उद्या त्याच यादीत, त्याच नराधमांच्या शेजारी.

बाकीच्या फाइलींत आरोपी कोण असत? काका, मावसभाऊ, सावत्र बाप, घरमालक, क्लासचे सर. ओळखीतलाच माणूस, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडेही बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत हेच सांगतात. मग दीड हजार वस्तीच्या गावात बापाचा फोटो यादीत लागला, की मुलगी कोण हे सांगायला ज्योतिषी लागतो का? पीडितेची ओळख उघड करणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. यादी सार्वजनिक करा म्हणणाऱ्या तिन्ही पत्रलेखकांनी याचा विचार केलेला दिसला नाही.

यादी आपल्याकडे आहेच. २० सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राने ती सुरू केली, तेव्हाच त्यात चार लाखांवर नोंदी होत्या. ती पोलिसांपुरती आहे आणि तिथेच राहावी. पोलीस ती उघडून बघतात का, शाळेत शिपाई नेमण्याआधी, रिक्षा ठरवण्याआधी ती तपासली जाते का, हे विचारणारे एकही पत्र मी वाचलेले नाही. पॉक्सोचा खटला शक्यतो वर्षात संपवावा असे कायदा म्हणतो. माझ्या टेबलावरून गेलेल्या एका फाइलीत फिर्यादीच्या वेळी मुलगी दुसरीत होती. तिची साक्ष झाली तेव्हा ती आठवीच्या गणवेशात आली होती, कारण त्या दिवशी तिचा पेपर होता.

आपला,
एक वाचक (निवृत्त न्यायालयीन अधीक्षक), सातारा