रविवारी खानावळ बंदच राहणार

प्रिय बाळा, सलाम.

तुझा मेसेज वाचला, व्हॉइस नोट पण दोनदा ऐकली. रविवारी खानावळ चालू ठेवली तर कमाई वाढेल हा हिशोब तुझा बरोबर आहे, त्यात वादच नाही. आपल्याकडे नागावला गर्दी होते ती शनिवार-रविवारीच, मुंबईची माणसं बोटीने मांडव्याला उतरतात, दुपार झाली की सगळ्यांना सुरमईची थाळी आणि सोलकढी हवी असते आणि नेमकं रविवारी आपल्या गेटला कुलूप. समोर लाईन लागते ती मला खिडकीतून दिसते रे, मी काय आंधळी नाहीये.

तू म्हणतोस की सकाळी उपासना करून ये आणि अकराला किचन चालू कर, देव काय रजिस्टर घेऊन बसलाय का. नसेल बसला. पण अकराला किचन चालू करायचं तर स्वयंपाकाच्या मावशीला सातला यावं लागणार, त्याच्या आधी कोणीतरी बंदरावर जाऊन मासळी आणायची, ती साफ करायची, खोबरं खवायचं, वाटण काढायचं, म्हणजे चर्चला जाऊन गाणी म्हणणार मी एकटी आणि माझ्या रविवारासाठी राबणार बाकीचे. हा कसला शब्बाथ, हा कसला विसाव्याचा पवित्र दिवस?

बायबलातल्या निर्गम पुस्तकाचा २० वा अध्याय परत काढून वाच, शब्बाथाची आज्ञा आहे तो. तिथे नुसतं 'तू' नाहीये. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरं आणि आपल्या वेशीच्या आत राहणारा परका माणूस, सगळ्यांची नावं घेतलीत. आणि बायबलातल्याच अनुवाद पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात कारण पण दिलंय, की तुझ्यासारखाच तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा, तू सुद्धा मिसरात गुलाम होतास हे विसरू नको. मावशी काय ख्रिस्ती नाही, तिचे सोमवार असतात, पण रविवारी तिची पोरं घरी असतात आणि तिला तोच दिवस हवा असतो. मी तिला त्या दिवसाचा पगार कापत नाही. बाकी तुला संडेस्कूलमध्ये जे शिकवलं ते हेच होतं, फक्त तिथे गुरं होती आणि इथे गॅसची शेगडी आहे एवढंच.

आपल्या देशात कामगारांना तरी रविवार फुकट कुठे मिळाला. नारायण मेघाजी लोखंडेंनी मुंबईत गिरणी कामगारांसाठी किती वर्षं भांडण काढलं तेव्हा १० जून १८९० ला ती सुट्टी लागली, आणि त्या गिरण्यांत आपले कोकणातलेच चाकरमानी भरलेले होते. आता ॲपवाल्यांच्या नादाने आपणच ती परत द्यायची म्हणजे कमाल आहे.

धंद्याचं म्हणशील तर बायबलातल्या नहेम्याच्या पुस्तकाचा १३ वा अध्याय वाच, मला तो अध्याय फार आवडतो कारण त्यात चक्क मासळीवाले आहेत. सोर शहराचे लोक यरुशलेमात मासळी आणून शब्बाथाला विकायचे, तर तिथला कारभारी नहेम्या याने आदल्या संध्याकाळीच वेशी लावून घेतल्या, व्यापारी एक-दोनदा बाहेरच झोपले, मग त्याने दम दिला तेव्हा यायचे बंद झाले. म्हणजे रविवारचं गिऱ्हाईक हा प्रॉब्लेम नागावचा नाही, जुनाच आहे.

आणि आपल्या तालुक्यातलंच बघ ना. नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून जे बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे यहुदी, आले असं सांगतात, ते हिब्रू विसरले, मराठी बोलायला लागले, तेलाचे घाणे चालवायला लागले, पण शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद. लोकांनी नावच पाडलं शनवार तेली. शनिवारचं तेल गेलं म्हणून ते काय उपाशी मेले नाहीत.

तुझ्या रूममेटचं म्हणणं की खरा शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी मावळेपर्यंत. असू दे, सेवंथ डे ॲडव्हेंटिस्ट चर्चवाले तसा पाळतात आणि मनापासून पाळतात, त्याच्याशी भांडत बसू नको. आपली मंडळी प्रभू येशू मेलेल्यांतून उठला तो आठवड्याचा पहिला दिवस, रविवार, पाळते. मला विचारशील तर कुठला दिवस यावर तावातावाने बोलणारे बरेच जण कुठलाच धड पाळत नाहीत.

आणि पाळायचा म्हणजे तोंड पाडून बसायचं असं नाही. निसर्ग वादळ झालं त्या आठवड्यात रविवारी पप्पा शेजारच्यांच्या घरावर पत्रे ठोकत होते, पाऊस तोंडावर होता आणि घरात म्हातारं माणूस. त्यावर कोणी काही बोललं नाही. बैल विहिरीत पडला तर शब्बाथाला काढणार नाही का, असं प्रभूनेच विचारलंय. पण दर रविवारी आपला बैल विहिरीत पडत असेल तर बाळा, विहिरीला कठडा बांधायला नको?

शनिवारी रात्रीचे पाहुणे असतील तर त्यांना मी उपाशी ठेवत नाही. शनिवारीच डबल वाटण करते, कालवण करून ठेवते (शिळं जास्तच चांगलं लागतं), सकाळी चहा-पाव देते. अरण्यात इस्राएलांना देव आकाशातून द्यायचा तो मान्ना पण शब्बाथाच्या आदल्या, सहाव्या दिवशी दुप्पट पडायचा.

तुझं तिकडे रविवारी लॅपटॉप उघडून बसणं मला पसंत नाही, ते तुला माहितेय. मॅनेजरला एकदा सरळ विचार, शनिवारी जास्त काम करतो म्हणून सांग. नाही म्हणाला तर फोन कर, मग बघू.

होमस्टे साइटवर टाक, माझी ना नाही. फक्त स्पष्ट लिही की रविवारी जेवण मिळणार नाही, शनिवारी रात्रीचं मिळेल. फोटो मागच्या पडवीचे घे, पुढच्या खोलीला रंग अजून व्हायचाय. आणि रेट पप्पांना विचारल्याशिवाय टाकू नको.

तुझी,
आई