बॉम जिझसच्या भिंतींना चुना परत द्या: केंद्रीय सांस्कृतिक मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रीमहोदय,
स.न.वि.वि.

जुने गोवे येथील बॉम जिझस बासिलिकेच्या (मोठ्या चर्चच्या) उघड्या चिऱ्यांवरून, म्हणजे जांभ्या दगडावरून, यंदाचाही पाऊस गेला. हात फिरवला की तांबडी पूड लागते. पाहणी होते, अहवाल निघतो, भिंत आहे तशीच. वास्तू तुमच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, म्हणून तुम्हालाच विचारतो.

ही लाल भिंत मूळची नव्हे. 1605 साली अभिषेक झालेल्या या चर्चवर चुन्याचा गिलावा होता. 1950 च्या दशकात पोर्तुगालहून आलेल्या बाल्टाझार कास्त्रो यांनी तो खरवडून काढला. तेव्हा नेहरू गोवा मागत होते. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने 1951 मध्ये वसाहतींना 'सागरपार प्रांत' म्हटले, 1952 मध्ये संत फ्रान्सिस झेवियरच्या शवदर्शनाला जगभरचे लोक येणार होते. पोर्तुगालला आपली मुळे इथे किती जुनी, हे उघड्या, जुनाट दिसणाऱ्या दगडाकडून वदवून घ्यायचे होते. लिस्बनमध्ये 1940 च्या प्रदर्शनातले दर्यावर्दींचे तात्पुरते स्मारक 1960 साली काँक्रीट-दगडात पक्के केले, तेही याच हट्टापायी. बर्लिनमध्ये कम्युनिस्ट पूर्वेच्या स्टालिन-आले या भव्य रस्त्याला पश्चिमेने 1957 साली हान्साफिअर्टेल या नव्या घरवसाहतीने उत्तर दिले. तिथे निदान लोकांना घरे मिळाली. आम्हाला सोललेली भिंत मिळाली, आणि मुक्तीनंतर इतकी दशके आमचीच सरकारे ती तशी राखत आली, याची चीड येते.

चिरा सच्छिद्र असतो. वर्षाला सुमारे 3000 मिमी पाऊस थेट लागला की आतली मऊ माती धुपते, लोहाची पोकळ जाळी उरते आणि कडा ढासळतात. दर्शनी भागातला वसईचा काळा दगड टिकतो, शेजारचा चिरा झिजतो. समोरचे से कॅथेड्रल पांढऱ्या लेपाखाली उभे आहे, ते तरी पाहा.

आधी छपराची गळती थांबवा. सांध्यांत सिमेंट असेल तर ते छिन्नीने काढा. सिमेंट ओल कोंडते, क्षार फुलतात आणि चिऱ्याचा पापुद्रा घेऊनच निखळते. दिवाळीनंतर भिंत पुरती सुकू द्या. मुरवलेला चुना एक भाग, धुतलेली वाळू तीन भाग, प्रत्येक थर सेंटिमीटरच्या आत. वर ओले गोणपाट हवेच, नाहीतर तडे जातात. चुना हवेवर सावकाश घट्ट होतो, म्हणून शेवटचा हात मार्चपूर्वी फिरला पाहिजे. पुढे सफेदीही ठरलेल्या वेळी.

नव्या इमारतीला कोनशिला बसते, फीत कापता येते. गिलाव्याला यातले काहीच नाही. म्हणूनच दुरुस्तीच्या फायली पडून राहतात, मग सरकार कोणाचेही असो. निविदेत 'सिमेंट वर्ज्य' असे स्पष्ट लिहा, आणि देखरेखीला चुन्याचे काम हाताने केलेला गवंडी नेमा.

आपला,
एक गोमंतकीय