क्रीडाशिक्षकाचा पावसाळा शाळेने पळवू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेला खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्याआधी 2020 साली धाराशिवच्या सारिका काळेला अर्जुन पुरस्कार मिळाला होता. अशी बातमी आली की तालुक्याच्या शाळांत सत्कार होतात, भाषणे होतात आणि सोमवारी पीटीचा तास पुन्हा गणिताला जातो.

लहान गावात खेळ आणि स्काऊट ही दोन्ही कामे बहुतेक एकाच सरांच्या गळ्यात असतात. शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीचा पट शंभरच्या वर असेल तरच शारीरिक शिक्षणाला निदेशक दिला आहे, तोही अंशकालीन. जनगणना आणि निवडणूक ही कामे त्याच कायद्याने शिक्षकांकडे ठेवली आहेत. यातून सरांकडे जे तास उरतात त्यांतले सर्वांत मोलाचे तास जून ते सप्टेंबरचे. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील शालेय स्पर्धा तालुक्यापासून दिवाळीआधीच सुरू होतात, त्यामुळे दिवाळीनंतर संघ बांधायला घेऊन काही उपयोग नसतो. नेमके याच महिन्यांत सरांना वर्ग सांभाळायला नाहीतर ऑनलाइन माहिती भरायला बसवतात. कारण काय, तर पाऊस आहे, मैदानावर तसेही काही होत नाही!

होते, बरेच होते. ओल्या मैदानावर सूर मारायला शिकवू नये हे खरे, मनगट आणि गुडघा जातो. पण खो-खोत डाव हातचा जातो तो बहुतेक वेळा पाटीवर बसलेल्या आठ जणांमुळे, आणि त्यांचे बसणे-उठणे व्हरांड्यातही घटवता येते. आलटून-पालटून विरुद्ध तोंडे करून बसायचे, खो पाठीमागून हात लावून आणि मोठ्याने द्यायचा, तो मिळेपर्यंत जागा सोडायची नाही, उठल्यावर पहिले पाऊल ज्या दिशेने पडेल त्याच दिशेने खुंटापलीकडे जाऊन मगच वळायचे. नवीन मुलगा गडी जवळ आला की खो मिळण्याआधीच अर्धा उठतो. ही खोड मोडायला आठवडे लागतात, आणि ते आठवडे जुलैचेच असतात.

खुंटाचेही तसेच. तो जमिनीवर 120 ते 125 सेंमी हवा, गुळगुळीत हवा आणि मुख्य म्हणजे हलता कामा नये. पावसात बुडाची माती सुटते. दर आठवड्याला मुरूम टाकून ठोकावा लागतो. खुंट डुगडुगतो हे मुलांना एकदा कळले की ती त्यावर भार टाकून वळत नाहीत, लांबून वळसा घेतात, आणि गडी निसटतो.

स्काऊटचे दुखणे वेगळे. गणवेश, स्कार्फ आणि 26 जानेवारीचे संचलन म्हणजे स्काऊट, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात ते टप्प्याटप्प्याचे शिक्षण आहे: प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान (पायऱ्या) आणि त्यानंतर राज्य पुरस्कार. प्रत्येक टप्प्याला ठरावीक महिने द्यावेच लागतात. आठवीत नाव घातलेल्या मुलाकडून दहावीच्या आत राज्य पुरस्काराची अपेक्षा पालकांनी करू नये. सुरुवात पाचवी-सहावीत हवी. सरांना सात दिवसांच्या निवासी बेसिक कोर्सला सोडायला मुख्याध्यापक कुरकुरतात, आणि मग प्रशिक्षण नसलेला माणूस पुस्तकात बघून गाठी शिकवतो.

गाठी पुस्तकावरून येत नाहीत. दोन काठ्या काटकोनात बांधायचे स्क्वेअर लॅशिंग घ्या. उभ्या काठीला क्लोव्ह हिच नावाची गाठ, दोन्ही काठ्यांभोवती तीन-चार वेढे, मग काठ्यांच्या मधून दोन-तीन आवळफेरे आणि आडव्या काठीवर क्लोव्ह हिचने शेवट. वेढे सगळे बरोबर घालतात, आवळफेरे सैल ठेवतात, आणि शिबिरात भांड्यांची मांडणी रात्रीतून खाली येते. त्यात शाळेने स्वस्त म्हणून नायलॉनची दोरी आणलेली असते, ती घसरते. सुती दोरी घ्यावी.

सर्वांत वाईट हाल ‘खरी कमाई’चे. मुलाने बूट पॉलिश करावे, भाजी विकावी, कोणाच्या अंगणातले गवत काढावे आणि मिळालेली रक्कम कार्डावर लिहून आणावी, असा हा उपक्रम. प्रत्यक्षात आई सकाळी दहा रुपये हातावर ठेवते, वडील सही करतात, कामाच्या रकान्यात ‘घरकाम’. दहा-बारा दुकानदारांकडे आधी जाऊन मुलांसाठी तासाभराची कामे ठरवून ठेवणे हा त्यावर उपाय आहे. पण त्यासाठीही सरांना दोन दुपारी मोकळ्या लागतात.

मुलींचा प्रश्न वेगळा लिहायला हवा. गाइडच्या, म्हणजे मुलींच्या स्काऊटच्या, पथकाला महिला शिक्षिकाच कॅप्टन लागते आणि मुलींचा संघ जिल्ह्याला न्यायचा तर सोबत बाई हव्यात. शाळेत एकच शिक्षिका असेल आणि तिच्याकडे दहावीचा वर्ग असेल, तर मुलींचे दोन्ही बंद पडते. संस्थाचालकांनी निदान एका शिक्षिकेचे नाव जूनमध्येच ठरवून टाकावे.

वेळापत्रकात पीटीचे तास शेवटचे दोन ठेवावेत, म्हणजे सराव शाळा सुटल्यावरही पुढे चालू राहतो, आणि सप्टेंबरअखेरपर्यंत ते तास दुसऱ्या विषयाला देऊ नयेत. पालकांनी एक काम स्वतः करावे. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख आणि आधारवरची जन्मतारीख जूनमध्येच ताडून पाहावी. फरक असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो, आणि तो स्पर्धेच्या सकाळी वय तपासणीच्या टेबलापाशी उघड झाला तर सरांच्या हातात काही राहत नाही.

आपला,
एक क्रीडाशिक्षक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)